दर पाळीला एक थेंब

हात धुवा.

साबणाने, मनगटापर्यंत. नखं कापलेली असावीत. हे वाक्य जुन्या पत्रकात होतं, नव्यातही राहील. मी लिहिलेल्या त्या पत्रकात जी काही वाक्यं बरोबर होती, त्यातलं हे पहिलं.

मी श्रेणिक मगदूम. इचलकरंजीजवळ एअरबॅगचं कापड विणणारा कारखाना आहे, तिथल्या नेत्रकक्षाचा सहायक. डॉक्टर नाही. तपासणी खात्यातल्या बायकांचे डोळे दर आठवड्याला बघायचे, नोंद करायची, लागलं तर कोल्हापूरला पाठवायचं, एवढं माझं काम. खात्यात बेचाळीस जणी आहेत. त्यातली एक त्रिशला, माझी बायको. मला सुधारित पत्रक लिहायला सांगितलं आहे. लिहायला बसलो की दर दोन ओळींनी पेन भलतीकडे जातं. जाऊ दे. नको ते नंतर काढता येईल. काढण्यात मी तरबेज आहे.

स्वच्छ सुती फडकं कोमट पाण्यात बुडवून पिळा. आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा; चटका बसता कामा नये.

डोळे मिटा. फडकं ठेवा. दहा मिनिटं.

(‘डोळे मिटा’ ही ओळ अशी चालणार नाही. पुढे बघू.)

शेक कशाला, ते थोडक्यात. डोळ्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि त्या पाण्यावर तेलाचा त्याहूनही पातळ थर, आमटीवरच्या तवंगासारखा. तो तवंग आहे म्हणून खालचं पाणी उडून जात नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला, केसांच्या मुळांमागे असलेल्या बारीक ग्रंथींत तयार होतं आणि पापणी मिटली की दाबाने बाहेर येतं. माणूस एकटक बघायला लागला की पापण्या कमी मिटतात. तेल आतच राहतं, घट्ट होतं, थंडीतल्या खोबरेलासारखं. मग कडा लाल होतात, कोंडा धरतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, रांजणवाडी होते. कोमट फडक्याने ते गोठलेलं तेल पातळ होतं. एवढंच शास्त्र.

त्रिशलाला हे सगळं होतं. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. भांडी झाली की ती सोप्यात आडवी व्हायची आणि मी फडकं ठेवायचो. दर दोन मिनिटांनी ती म्हणायची, “निवलं बघा,” आणि मी पुन्हा बुडवून पिळायचो. लग्नाला एकवीस वर्षं झाली आमच्या, आणि त्यातलं खरं बोलणं बहुतेक त्या दहा मिनिटांतलं आहे. ती बघत असली की मला बोलता येत नाही. तपासणीची नजर आहे तिची, कसलीही गाठ लपत नाही. डोळे मिटलेल्या माणसाला सांगता येतं. तिच्या भावाच्या नोकरीचा अर्ज पुढे द्यायला मी विसरलो नव्हतो, मुद्दाम दिला नव्हता, हे मी तिला असंच सांगितलं. तिने फडक्याची कड बोटाने सारखी केली. मग म्हणाली, “निवलं बघा.”

पापणीच्या कडेवरून बोट हलकेच फिरवा. वरच्या पापणीला वरून खाली, खालच्या पापणीला खालून वर. दाब देऊ नका.

कारखान्यात कापड आधी कॅमेरे तपासतात. तरी शेवटी ते माणसाच्या डोळ्यांखालून गेलं पाहिजे, अशी परदेशी गिऱ्हाइकाची अट आहे. कापड फुगलं नाही, फाटलं, माणूस मेला, तर एखाद्या माणसाची सही हवी. उजेडाच्या टेबलावरून कापड मिनिटाला तीस मीटर सरकतं, आणि एक पापणी मिटून उघडेपर्यंत पंधरा सेंटीमीटर कापड न बघता निघून जातं. बायकांनी त्याला मापच करून टाकलं होतं. “एक पापणी कापड गेलं गं,” असं म्हणायच्या. तुटलेला धागा त्या एका पापणीत बसू शकतो. मागच्या वर्षी तसा एक बसला, आणि कुठल्या तरी देशातून पत्र आलं.

त्यानंतर तेल आलं.

खात्याच्या भिंतीवर चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी लाल रंगात लिहून ठेवलं होतं, ‘डोळ्यांत तेल घालून काम करा.’ बाटल्यांची खोकी त्याच भिंतीखाली ठेवली, तेव्हा रेहाना मुजावर म्हणाली, “भिंतीवरचं खरं झालं की ओ मगदूम. आता खाली ‘माणसाला शिंगं फुटतात’ असंबी लिहून बघा.” रेहाना खात्यातली सगळ्यात जुनी. तिला सगळ्या काकी म्हणतात, आणि ती सगळ्यांची टिंगल करते.

त्या तेलात जिवाणू होते. प्रयोगशाळेत बदललेले, निरुपद्रवी. एकदा पापणीच्या कडेला वस्तीला राहिले की आपल्या ग्रंथींसारखंच तेल करत बसतात. थेंब घालायचा तो त्यांची संख्या टिकवायला. बायकांच्या ग्रंथी शरीरातल्या संप्रेरकांबरोबर महिन्याभरात कमीजास्त होतात, म्हणून मात्रा त्या चक्राशी बांधलेली होती. मूळ इंग्रजी पत्रकाचं मराठी मी केलं. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं: ‘दर मासिक पाळीला दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. पाळी कायमची थांबली असल्यास अठ्ठावीस दिवसांतून एकदा.’

मग मनात आलं, हे हजेरीच्या यंत्राशेजारी लागणार. येता-जाता ड्रायव्हर, फिटर वाचणार. आणि खाली लिहिलेलं असणार, मराठी अनुवाद श्रेणिक मगदूम.

‘मासिक’ काढलं. दुसरं वाक्य पूर्णच काढलं. उरलं ते आणखी आवळून शीर्षकासारखं सुटसुटीत केलं.

दर पाळीला एक थेंब.

कारखान्यात पाळी म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको होतं. पहिली पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा. रोज दहा वेळा तो शब्द माझ्याच तोंडात असतो.

पत्रक वाटलं त्या दिवशी व्यवस्थापक हुक्केरी साहेब माझ्या शेजारी उभे होते. त्रिशलाने पत्रक शेवटपर्यंत वाचलं. ती कापडही असंच वाचते. मग तिने सगळ्यांदेखत विचारलं, “कुठली पाळी?”

मला कळलं ती काय विचारते आहे. एकवीस वर्षं एका घरात राहतो आम्ही. आणि तिलाही कळलं की मला कळलं. बेचाळीस बायका माझ्याकडे बघत होत्या. हुक्केरी साहेब घड्याळ बघत होते.

मी म्हटलं, “लिहिलंय तसंच.”

“पहिलीबी चालंल, दुसरीबी,” रेहानाकाकी म्हणाली. “मेली ती रात्रपाळी तेवढी बायकांना नाही.” सगळ्या हसल्या. त्रिशला हसली नाही. तिने पत्रकाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं की त्यात जीव आहेत का. सूक्ष्म आहेत, मी म्हटलं. मग शेकानं मरतील की, ती म्हणाली. आम्ही जैन, आमच्यात हा विचार करतात. शिवाय शेकाची गरजही उरली नव्हती. चौथ्या दिवशी लाली गेली, खुपणं गेलं. फडकं धुऊन वाळवून कपाटात गेलं. आणि आमची दहा मिनिटंही.

बाटलीत साठ थेंब असतात. दोन डोळ्यांचे दोन, महिन्यातून एकदा. म्हणजे अडीच वर्षं पुरायला हवी. पाचव्या आठवड्यात रेहानाकाकीने रिकामी बाटली माझ्या टेबलावर आडवी ठेवली.

“संपली. दुसरी द्या.”

मी बाटली उजेडात धरली. पाच आठवडे, आठवड्याला सहा पाळ्या, तीस पाळ्या, साठ थेंब. हिशोब चुकत नव्हता. मी तिला बसायला सांगून हुक्केरी साहेबांकडे गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं. पाच आठवड्यांत एका ताग्याची तक्रार नाही, ते म्हणाले. कुणाला त्रास आहे? नाही ना? मग मी तेलाच्या कंपनीला विचारतो, तोवर राहू दे.

मी परत आलो आणि कपाटातून दुसरी बाटली काढून दिली. रेहानाकाकी माझ्याकडे बघत होती. घेताना म्हणाली, “हात का थरथरतोय ओ?” मी म्हटलं, चहा जास्त झाला.

पापण्यांच्या कडा ओल्या कापसाने पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस.

बदल कसा होता, ते सांगणं अवघड आहे, कारण आधी तो चांगलाच वाटला. खात्यात शांतता आली. पूर्वी बायका बोलायच्या, डोळे चोळायच्या, उठून तोंड धुवायच्या. आता त्या बघत होत्या. मी आठवड्याच्या तपासणीत पापण्यांची उघडझाप मोजायचो. मिनिटाला पंधरा ही माणसाची साधारण चाल. दुसऱ्या महिन्यात नऊ. मग चार. अकराव्या आठवड्यात त्रिशलासमोर घड्याळ घेऊन बसलो, तेव्हा पूर्ण मिनिटात एकदाही नाही. “झालं?” तिने विचारलं. मी नोंदवहीतली जागा कोरी ठेवली.

मेंदूला पापणी लागते. डोळा ओला करण्यापुरती नाही. पापणी मिटते त्या क्षणी मेंदूही बाहेर बघणं सोडतो, किंचित आत वळतो, झालेलं मागे टाकतो. वाचताना आपण वाक्य संपलं की पापणी मिटतो. बोलणारा थांबला की ऐकणारा मिटतो. आपलं आपल्याला कळत नाही, पण दिवसाचे तुकडे असेच पडतात.

एका दुपारी पहिली पाळी करून आल्यावर त्रिशलाने मला सांगितलं ते असं. तिने एका दमात सांगितलं, म्हणून मीही मध्ये कुठे थांबत नाही:

टेबलावरचं कापड थांबलं तरी थांबत नाही डबा उघडला तर भाकरीवरूनही ते सरकतच असतं रस्त्यात माणसं दिसतात ती एकामागून एक ताग्यासारखी सुटत जातात आणि कुठे कापायचं ते मला कळत नाही आईचा फोन सकाळी आला होता की परवा की अजून चालूच आहे तुम्ही आत्ता पाणी दिलंत ते प्याले का मी सगळं दिसतं अहो सगळं एकही गोष्ट सुटत नाही आणि म्हणून एकही गोष्ट संपत नाही आईला दवाखान्यात नेलं म्हणाले तेव्हा रडू यायला पाहिजे होतं मी वाट बघितली

ती हे सांगत असताना खिडकीतून ऊन तिच्या चेहऱ्यावर येत होतं. तिच्या डाव्या डोळ्यात मला काहीतरी चमकलं. मी वाकून बघितलं. नायलॉनचा एक धागा, नखाएवढा, तिच्या बुबुळावर आडवा पडला होता. बुबुळ हललं की तोही हलत होता.

“दुखत नाही?” मी विचारलं.

“काय?”

मी कापसाच्या टोकाने तो काढला. कापूस बुबुळाला लागला. तिची पापणी हललीसुद्धा नाही. ती कापसापलीकडे माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिला कोल्हापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं, भिंगातून बघितलं, आणि थेंब रोज घातले का, असं दोनदा विचारलं. मग समजावलं. डोळ्यावरचं पाणी उडतं तेव्हा बुबुळ जरासं गार पडतं. तो गारवा ओळखणाऱ्या बारीक नसा असतात, आणि पापणी मीट हा हुकूम त्यांच्याकडून निघतो. तेलाचा थर एवढा जाड झाला की पाणी उडेना, गारवा येईना. त्या नसांना तीन महिने काही कामच उरलं नाही. त्या झोपल्यात की मेल्यात, हे आज सांगता येत नाही. तेल एकदम बंद केलं तर डोळा कोरडा पडेल, आणि कोरडा पडतोय हे हिला कळणार नाही. बुबुळावर फूल पडेल, पांढरा डाग धरेल.

“मग करायचं काय?” त्रिशलाने विचारलं.

शेक, डॉक्टरबाई म्हणाल्या. त्याने ती वस्ती हळूहळू मरेल. मालिश करायची, कडा पुसायच्या, आणि जागेपणी दर चार सेकंदांनी पापणी मिटायची. आपोआप मिटणार नाही, ठरवून मिटायची. स्वतः विसरणार, म्हणून दुसऱ्याने सांगायचं. काही महिन्यांत नसा जाग्या झाल्या तर झाल्या. पण थेंब आणखी महिनाभर गेले असते, तर एवढी आशाही दाखवता आली नसती.

बसमध्ये मी एकेचाळीस जणींचा विचार करत होतो. आणि सोमवारचा. सोमवारी हेच तेल आणखी अकरा कारखान्यांत वाटलं जाणार होतं. पत्रक तयारच होतं. सुटसुटीत आहे म्हणून हुक्केरी साहेबांनी माझंच पाठवलं होतं.

डोळे मिटा. फडकं ठेवा. दहा मिनिटं.

त्या संध्याकाळी कपाटातलं फडकं मी पुन्हा काढलं. “मरतील ते,” त्रिशला म्हणाली, आणि सोप्यात आडवी झाली. मी तिला म्हटलं, मीट. तिने मिटले. मी फडकं ठेवलं, आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. ते दहा मिनिटांचं आमचं जुनं घर होतं.

मी सगळं सांगितलं. ‘मासिक’ मी लिहिलं होतं आणि मीच काढलं. खालचं वाक्यही. ड्रायव्हर-फिटर वाचतील म्हणून. पाचव्या आठवड्यात रिकामी बाटली बघूनच मला कळलं होतं, आणि तरी मी दुसरी बाटली दिली. तुलाही दिली. तुझी तर दोन वर्षांपूर्वीच थांबली आहे, हे मला माहीत होतं. तुला महिन्यातून एक थेंब पुरला असता.

मी वाट बघत होतो की ती म्हणेल, निवलं बघा. फडकं केव्हाच निवलं होतं.

मी ते उचललं.

तिचे डोळे टक्क उघडे होते. केव्हापासून ते मला माहीत नाही; मी दर चार सेकंदांनी सांगायला विसरलो होतो. ओल्या कापडाच्या विणीतून, प्रत्येक धागा ओळखणाऱ्या त्या डोळ्यांनी, ती सगळा वेळ मी होतो त्याच दिशेला बघत होती.

“मी विचारलं होतं,” ती म्हणाली. “कुठली पाळी.”

“हो.”

“तुम्हाला कळलं होतं.”

“हो.”

“मग मीच मोठ्यानं का नाही म्हटलं, हे मी तीन महिने बघते आहे. संपतच नाही ते.” ती उठून बसली. “मला फडक्याखाली सांगितलंत. त्यांना फडकं नाही. उद्या पाळी सुटताना सांगा. सगळ्या असतात.”

मी मान डोलावली. ती बघत राहिली. मग मला आठवलं, आणि मी म्हटलं, “मीट.”

पापण्या पूर्ण मिटा. वरची पापणी खालच्या पापणीला टेकली पाहिजे.

तीनच्या भोंग्याला पहिली पाळी सुटते आणि दुसरी आत येते. बेचाळीस जणी एकदम असतात, ती पाचच मिनिटं. हुक्केरी साहेबांना मी दुपारीच सांगितलं होतं. ते चिडले नाहीत. सोमवारचं थांबवतो म्हणाले, फोनही केला. मग मी निघताना हळूच म्हणाले, “शब्द जरा जपून हं मगदूम. बायका आहेत.”

मी लाल अक्षरांच्या भिंतीखाली उभा राहिलो. ड्रायव्हर होते, फिटर होते. मी म्हटलं, पत्रकात पाळी लिहिलंय ती कारखान्याची पाळी नव्हे. मासिक पाळी. महिन्याला एक थेंब. शब्द मी काढला. मला लाज वाटली म्हणून काढला. आजपासून तेल बंद, पण नुसतं बंद करून चालणार नाही. आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं, नसांचं, फुलाचं, महिन्याच्या मुदतीचं.

कुणीतरी ओरडेल असं मला वाटलं होतं. रेहानाकाकी तरी एखादं वाक्य मारेल. मी तयार होतो. तिने फक्त विचारलं, “दुसरी बाटली दिली त्या दिवशी चहा किती झाला होता?” तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच ते संपवता येत नव्हतं.



बेचाळीस जणी माझ्याकडे बघत होत्या. एकीचीही पापणी लवली नाही. माणसं एकमेकांकडे बघतात तेव्हा मधून मधून एकमेकांना सोडतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिल्या रांगेत त्रिशला होती. तिने हनुवटी जराशी वर केली.

तेव्हा मी म्हटलं, “मिटा.”

आणि सगळ्यांनी मिटले. एकदम. चौऱ्याऐंशी पापण्या खाली आल्या आणि त्या प्रचंड खोलीत मला कुणीच बघत नव्हतं.

एक. दोन. तीन. चार.

नव्या पत्रकात हे कसं लिहायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. पण काढायचं नाही, असं ठरवलं आहे. ‘उघडा’ म्हणायला मी उशीर केला.